बिटकॉइनचा भाव बघणारे इतकी टवाळी का करतात?

बिटकॉइन या डिजिटल नाण्याचा भाव धाडकन आपटला की आधी बातमी येत नाही, आधी विनोद येतो. कुणी बर्गरच्या दुकानातल्या कामगाराची टोपी स्वतःच्या फोटोवर चिकटवतं आणि खाली लिहितं, "उद्यापासून कामावर हजर." कुणी विचारतं, "घरी कुणी सांगायचं?" भाव उसळला की हीच मंडळी चंद्राकडे निघालेली रॉकेटं टाकतात आणि लॅम्बोर्गिनी कोणत्या रंगाची घ्यायची यावर हमरीतुमरीवर येतात. आलेखाची रेघ आठवडेच्या आठवडे आडवी पडली की नुसत्या जांभया.

बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो आणि बराचसा तो असतोही. पण यातले जुने, टिकून राहिलेले विनोद जरा नीट बघा. त्यातला जवळजवळ प्रत्येक विनोद या बाजाराच्या एखाद्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवतो. भाव कसा ठरतो, अचानक का कोसळतो, कुणाचं नुकसान होतं, हे त्या चेष्टेतून समजून घेता येतं. भाव उद्या कुठे असेल ते मात्र समजत नाही. ते कुणालाच समजत नाही, म्हणून तर एवढी टवाळी चालते.

पडद्यावरचा आकडा नेमका काय सांगतो

पडद्यावर दिसणारा भाव म्हणजे शेवटच्या सौद्याचा आकडा. बस्स, तेवढंच. काही क्षणांपूर्वी कुणीतरी कुणाला तरी बिटकॉइनचा एक तुकडा ज्या दराने विकला, तो दर. शेअरच्या मागे एक कंपनी असते, तिचा नफातोटा असतो, ताळेबंद असतो. तो समोर ठेवून भाव महाग की स्वस्त यावर निदान वाद तरी घालता येतो. बिटकॉइनला ताळेबंद नाही, लाभांश नाही, व्याज नाही. समोरचा किती द्यायला तयार आहे, हाच आधार.

हा आधार एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री जिथे होते त्या ऑनलाइन बाजारात, दोन याद्यांच्या रूपात उघडा दिसतो. एका यादीत विकणारे: कोण किती नाणी कोणत्या भावाला द्यायला तयार आहे. दुसरीत घेणारे. दोन्ही मिळून ऑर्डर बुक. समजा, विकणाऱ्यांच्या यादीत १,००,००० डॉलरला अर्धं नाणं आहे, १,००,०१० डॉलरला एक आणि १,००,०५० डॉलरला दोन. आता एकजण येतो आणि म्हणतो, मिळेल त्या भावाला तीन नाणी द्या. त्याला पहिलं अर्धं मिळतं, मग एक, मग वरच्या दोनांतलं दीड. शेवटचा सौदा १,००,०५० ला झाला, म्हणून जगभरच्या पडद्यांवर भाव पन्नास डॉलरने वर गेला.

त्याने खर्च केले साधारण तीन लाख डॉलर. पण बिटकॉइनचं 'एकूण बाजारमूल्य' काढताना शेवटच्या भावाला आजवर तयार झालेल्या सगळ्या नाण्यांनी गुणतात आणि ती आहेत सुमारे दोन कोटी. पन्नास गुणिले दोन कोटी, म्हणजे शंभर कोटी डॉलर. तीन लाखांच्या खरेदीने कागदावर शंभर कोटींची भर पडली! घसरणीतही हाच हिशेब उलटा चालतो. 'गुंतवणूकदारांचे इतके अब्ज बुडाले' असे मथळे तुम्ही वाचता तेव्हा ते अब्ज कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात गेलेले नसतात. शेवटच्या सौद्याचा आकडा बदलल्यामुळे गुणाकाराचं उत्तर बदललेलं असतं. मुरलेले बघे अशा मथळ्यांची खिल्ली उडवतात. भाव चढताना येणाऱ्या मथळ्यांना मात्र ही मंडळी क्वचितच हसतात.

ऑर्डर बुक हे नुसतं यंत्र नाही, तो एक तमाशाही आहे, हे ६ ऑक्टोबर २०१४ ला दिसलं. २०१३ च्या अखेरीस अकराशे डॉलरच्या वर गेलेला भाव तोवर तीनशेवर येऊन ठेपला होता. त्या दिवशी बिटस्टॅम्प नावाच्या एक्स्चेंजवर विकणाऱ्यांच्या यादीत बरोब्बर ३०० डॉलरला एकच अवाढव्य ऑर्डर उभी राहिली: ३०,००० नाणी. म्हणजे ९० लाख डॉलरचा माल, आणि तोही सगळ्यांच्या नजरेसमोर. एवढा माल असलेला शहाणा विक्रेता त्याचे शेकडो तुकडे करतो, दिवसभरात गुपचूप सोडतो. यानं तसं काही केलं नाही. अशा ऑर्डरला या बाजारात 'भिंत' म्हणतात, कारण आलेखावर ती खरोखर भिंतीसारखी उभी दिसते. जोवर ती सगळी विकली जात नाही, तोवर त्या एक्स्चेंजवर भाव ३०० च्या वर सरकू शकत नाही.

मग जे सुरू झालं ते एखाद्या सामन्याच्या समालोचनासारखं होतं. भिंतीतली किती नाणी उरली, याचे आकडे मिनिटामिनिटाला फिरू लागले. कुणी पाच नाणी घेतली आणि 'एक वीट काढली' म्हणून मिरवलं. ज्याच्याकडे प्रचंड साठा आहे त्याला या मंडळींत आधीपासूनच देवमासा म्हणत. हा मंदीवाला, आणि मंदीवाल्याला बाजारात इंग्रजीत 'बेअर' म्हणजे अस्वल म्हणतात, म्हणून त्याचं नाव पडलं 'बेअरव्हेल', अस्वल आणि देवमासा यांची खिचडी. काही तासांत भिंत पूर्ण खाल्ली गेली. या देवमाशाच्या शिकारीची चित्रंसुद्धा रंगवली गेली, होड्या आणि भाल्यांसकट.

पुढच्या काही दिवसांत भाव चढला आणि शिकाऱ्यांचा जयजयकार झाला. जानेवारी २०१५ मध्ये मात्र तो दोनशेच्या खाली उतरला. म्हणजे ज्या माणसाला मूर्ख ठरवून सगळे हसले, त्याने ३०० ने विकलं होतं, आणि हसणाऱ्यांनी ३०० ने घेतलेला माल तीन-चार महिन्यांत एक तृतीयांशाहून अधिक उतरला होता. तो नंतर हजारो डॉलरला गेला हे खरं, पण ते ज्यांनी मधल्या काळात धीर सोडला नाही त्यांच्यासाठी. चित्रात ती भानगड दिसत नाही.

आज भिंत दिसली की अनुभवी माणूस आधी विचारतो, ही खरी की रंगवलेली? कारण मोठी ऑर्डर लावून समोरच्याला घाबरवायचं आणि भाव जवळ आला की ती मागे घ्यायची, ही जुनी चलाखी आहे. अमेरिकेत शेअर आणि वायदे बाजारात तो गुन्हा आहे. क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांच्या, एक्स्चेंजवर देखरेख कुठे कडक, कुठे नावापुरती.

आणखी एक गोष्ट. बिटकॉइनचा 'एक' भाव नसतोच. प्रत्येक एक्स्चेंजची यादी वेगळी, त्यामुळे प्रत्येकाचा भाव थोडा वेगळा. एकीकडे स्वस्त घेऊन दुसरीकडे महाग विकणारे दलाल आणि त्यांचे संगणक हा फरक भरून काढत राहतात. ही भरपाई क्षणभर चुकली की काय होतं? २१ ऑक्टोबर २०२१ ला बायनान्स यूएस या एक्स्चेंजवर बिटकॉइन ६५ हजारांवरून सुमारे ८,२०० डॉलरवर कोसळलं आणि मिनिटभरात परत वर आलं. बाकी जगात भाव जिथल्या तिथे. एका मोठ्या ग्राहकाच्या संगणकीय प्रणालीत चूक होती, तिने घेणाऱ्यांची अख्खी यादी खरवडून काढली, असा खुलासा झाला. तेव्हापासून 'मी ८,२०० ला घेतलं होतं' ही बढाई चेष्टेत मारली जाते. अशा दिवसाची वाट बघत अगदी खालच्या भावाला ऑर्डर लावून ठेवणारे लोक खरंच असतात. त्यांच्या ऑर्डरला 'घाणेरडी बोली' म्हणतात, कौतुकाने.

उधारीवरची पैज आणि बर्गरची टोपी

आता त्या टोपीकडे येऊ. सगळं गमावलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून बर्गर विकायला लागणार, असा तो विनोद. पण बिटकॉइन २० टक्के पडलं तर माणसाचे २० टक्केच जायला हवेत, सगळं कसं जातं?

जातं, कारण उधारी. या बाजारातला सर्वांत लोकप्रिय सौदा म्हणजे प्रत्यक्ष नाणं विकत घेणं नव्हे, तर मुदत नसलेला वायदा. नेहमीच्या वायद्याला एक तारीख असते, त्या दिवशी हिशेब मिटतो. या वायद्याला तारीखच नाही. हवा तितका काळ चालू ठेवा. बिटमेक्स या एक्स्चेंजने २०१६ मध्ये तो आणला आणि त्यावर शंभरपट उधारी दिली. बाकीच्यांनी पटापट उचलला.

आकडे घालून बघू. तुमच्याकडे हजार डॉलर आहेत. वीसपट उधारी घेऊन तुम्ही वीस हजारांचा सौदा केला, भाव चढेल या बाजूने. भाव पाच टक्के चढला तर वीस हजारांवर हजार मिळाले, पैसे दुप्पट. पाच टक्के पडला तर हजार गेले, म्हणजे तुमची सगळी पुंजी गेली. एक्स्चेंज स्वतःचे पैसे बुडू देत नाही. तुमची पुंजी पूर्ण संपण्याच्या थोडं आधीच त्याचा संगणक तुमचा सौदा बळजबरीने मोडतो. तुम्हाला फोन येत नाही, मुदत मिळत नाही. याला लिक्विडेशन म्हणतात, आणि ज्याचं झालं तो 'रेक्ट', म्हणजे पुरता उद्ध्वस्त, झाला. शंभरपट उधारी असेल तर त्याला एक टक्काही पुरतो. बिटकॉइनसाठी एक टक्का म्हणजे शांत दुपार.

खरी गंमत पुढे आहे. तुमचा सौदा मोडायचा म्हणजे संगणकाने तो बाजारात, मिळेल त्या भावाला, विकायचा. घेणाऱ्यांची यादी आधीच पातळ झालेली. या विक्रीने भाव आणखी थोडा खाली गेला आणि तिथे दुसऱ्या कुणाची तरी मर्यादा होती. त्याचा सौदा मोडला. त्याच्या विक्रीने तिसऱ्याचा. यात कुणीही माणूस 'आता विकावं' असं ठरवत नाही. विकलं जातं. पंधरावीस मिनिटं हे असं चालतं आणि आलेखावर एक उभा, लाल सुळका उरतो.

भाव चढतानाही असंच घडतं, उलट्या दिशेने. भाव पडेल अशी पैज लावलेल्यांचे सौदे मोडताना संगणकाला खरेदी करावी लागते, त्याने भाव आणखी भडकतो. म्हणून कधीकधी कसलीही बातमी नसताना बिटकॉइन हजारभर डॉलरने उसळतं आणि लोक कारण शोधत बसतात.

१२ मार्च २०२० हा या प्रकाराचा धडाच आहे. कोरोनाच्या धसक्याने जगभरचे बाजार पडत होते, पण बिटकॉइन एका दिवसात जवळजवळ आठ हजारांवरून चार हजारांच्या खाली गेलं, साधारण निम्मं. लिक्विडेशनची साखळी चालू असताना बिटमेक्स काही वेळ बंद पडलं आणि नेमकी त्याच सुमारास घसरण थांबली. यंत्रणेवर बाहेरून हल्ला झाला, असं कंपनीने सांगितलं. टवाळखोरांनी मात्र 'प्लगवर कुणाचा पाय पडला?' हा विनोद अजून सोडलेला नाही. हसू येतं, पण त्या विनोदात एक भीतिदायक शक्यता लपलेली आहे: यंत्र चालूच राहिलं असतं तर घेणाऱ्यांची यादी कुठवर रिकामी झाली असती?

त्याहून मोठा दणका १० ऑक्टोबर २०२५ ला बसला. चारच दिवसांपूर्वी भावाने १,२६,००० डॉलरचा उच्चांक केला होता. शुक्रवारी अमेरिकेच्या अध्यक्षांनी चिनी मालावर १०० टक्के जादा आयात शुल्काची घोषणा केली आणि चोवीस तासांत क्रिप्टो बाजारात मिळून १,९०० कोटी डॉलरहून जास्त सौदे बळजबरीने मोडले गेले. ठिणगी बाहेरची होती हे खरं. पण तीच घोषणा शेअर बाजारानेही ऐकली होती आणि तिथली पडझड दोन-तीन टक्क्यांची होती. इतकं दारूगोळ्याचं कोठार क्रिप्टोच्या बाजूलाच साठलेलं होतं.

हे कोठार किती भरलंय हे कळायला एक खूण असते. मुदत नसलेल्या वायद्याचा भाव प्रत्यक्ष नाण्याच्या भावापासून भरकटू नये म्हणून दोन्ही बाजूंत ठरावीक वेळाने, बहुतेक ठिकाणी दर आठ तासांनी, पैशांची देवघेव होते. तिला फंडिंग म्हणतात. चढाच्या बाजूने पैज लावणारे फार झाले की त्यांना उताराच्या बाजूवाल्यांना पैसे मोजावे लागतात. उलटं झालं की उलट. म्हणजे फंडिंग बराच काळ चढं राहिलं तर समजावं की सगळी गर्दी होडीच्या एकाच कडेला बसली आहे. सगळे खुशीत असतात, रॉकेटांची रांग लागलेली असते, तेव्हाच हा आकडा बघण्यासारखा असतो. आणि तेव्हाच तो कुणी बघत नाही.

याच पातळ बाजाराचं दुसरं अपत्य म्हणजे 'बार्ट'. भाव सरळ उभा चढतो, मग काही तास वर दातेरी रेघेत आडवा राहतो, मग जितका चढला तितकाच सरळ खाली येतो. आलेखाची ही आकृती एका अमेरिकी कार्टूनमधल्या टोकदार केसांच्या मुलाच्या डोक्यासारखी दिसते, म्हणून बार्ट. २०१८-१९ मध्ये बाजार मरगळलेला असताना अशी डोकी वरचेवर उगवत. मागणी खरोखर वाढलेली नसताना एखाद्या मोठ्या खरेदीने किंवा लिक्विडेशनच्या धक्क्याने भाव वर ढकलला गेला, तर तो तिथे टिकायला खाली घेणारे हवेत. ते नसले की तो आला तसा परत जातो. भाव चढताना 'हे बार्ट तर नाही ना?' असं विचारणारा माणूस विनोद करत असतो, पण प्रश्न रास्त असतो.

भाकितं

भाकितांबद्दल फार लिहायचं कारण नाही, पण एक गोष्ट सांगायला हवी. बिटकॉइनचा पुरवठा आधीच ठरलेला आहे: एकूण २ कोटी १० लाख, त्याहून एकही जास्त नाही. साधारण दर दहा मिनिटांना व्यवहारांचा एक ब्लॉक तयार होतो आणि तो तयार करणाऱ्याला नवी नाणी मिळतात. दर २,१०,००० ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे चार वर्षांनी, हे बक्षीस निम्मं होतं. २००९ मध्ये ५० नाण्यांपासून सुरुवात झाली. २०१२, २०१६, २०२० आणि एप्रिल २०२४ अशी चार वेळा कात्री लागून आता ते ३.१२५ वर आलं आहे. दिवसाला साधारण ४५० नवी नाणी.

पुरवठा इतका नेमका ठाऊक असल्याने अनेकांना वाटतं की भावाचंही सूत्र बांधता येईल. २०१९ मध्ये असं एक सूत्र फार गाजलं, साठा भागिले दरवर्षीची भर. त्यानुसार २०२१ च्या अखेरीस भाव लाखावर जायला हवा होता. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून 'लाख होईपर्यंत' म्हणून लोकांनी आपल्या फोटोत डोळ्यांतून लाल लेसर सोडले. एल साल्वाडोरचे अध्यक्ष नायिब बुकेले आणि अमेरिकेच्या सिनेटर सिंथिया लुमिस यांनीसुद्धा. नोव्हेंबरात भाव ६९ हजारांपर्यंत गेला आणि तिथूनच फिरला. वर्षभराने तो १६ हजारांच्या आसपास होता. लाखाचा आकडा ओलांडला ५ डिसेंबर २०२४ ला, तोवर बहुतेकांचे लेसर विझले होते. सूत्रात चूक एकच होती. त्यात पुरवठा होता, मागणीचा पत्ता नव्हता.

या सूत्राच्या तुलनेत मला इंद्रधनुष्याचा आलेख जास्त प्रामाणिक वाटतो. भावाच्या मागे वेगवेगळ्या रंगांचे पट्टे, तळाशी 'मातीमोल भावाने काढलाय, उचला', वर 'हा फुगा आहे' अशा अर्थाच्या पाट्या. तो गंमत म्हणूनच काढला होता आणि तसं सांगूनच मांडला जातो.

बातम्यांचंही तसंच. ९ जानेवारी २०२४ ला अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या, एसईसीच्या अधिकृत एक्स खात्यावरून जाहीर झालं की बिटकॉइनच्या ईटीएफना, म्हणजे शेअर बाजारात शेअरसारख्या घेता-विकता येणाऱ्या फंडांना, मंजुरी मिळाली. भाव ४८ हजारांकडे झेपावला. काही मिनिटांत खुद्द एसईसीचे तेव्हाचे अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी कळवलं की खातं कुणीतरी बळकावलं आहे, मंजुरी वगैरे काही दिलेली नाही. भाव ४६ हजारांच्या खाली. दुसऱ्या दिवशी मंजुरी खरोखरच मिळाली! आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांत भाव चाळीस हजारांच्या खाली उतरला. खोट्या बातमीने चढला आणि खऱ्या बातमीनंतर पडला, यावर झालेली चेष्टा तुम्ही कल्पना करू शकता. खुलासा सोपा आहे: मंजुरी मिळणार म्हणून महिनोन् महिने आधी घेऊन ठेवणाऱ्यांनी ती मिळाल्यावर नफा काढून घेतला. शिवाय एका जुन्या फंडात अडकलेले पैसे लोकांना त्याच वेळी काढता येऊ लागले. तरी त्या दिवशी हे आधीच ओळखणारे फार थोडे होते, नंतर ओळखल्याचं सांगणारे पुष्कळ.

धरून ठेवा, पण कुणी?

'होडल' हा या मंडळींचा सर्वांत प्रसिद्ध शब्द. १८ डिसेंबर २०१३ ला, चीनमधल्या निर्बंधांच्या बातम्यांनी भाव कोसळत असताना, एकाने व्हिस्की पिऊन एक लांबलचक संदेश लिहिला. 'मी धरून ठेवतोय' असं म्हणताना इंग्रजी 'होल्ड'ची अक्षरं उलटसुलट झाली, आणि चूक दिसूनही त्याने ती सुधारली नाही. तासाभरात ती घोषणा झाली होती. शब्द सगळ्यांना ठाऊक असतो, त्या संदेशातलं म्हणणं फारसं कुणी सांगत नाही. त्याचं म्हणणं होतं की मी वाईट ट्रेडर आहे आणि मला ते माहीत आहे. चढउतार ओळखणारे लोक ओळखतात, मला जमत नाही, म्हणून मी विकत नाही. म्हणजे मूळ होडल ही शौर्याची आरोळी नव्हती, स्वतःच्या मर्यादेची कबुली होती. उधारी न घेता नाणं धरून ठेवणाऱ्याचा सौदा कुणी बळजबरीने मोडू शकत नाही, हा त्यातला भक्कम भाग.

कच्चा भाग असा की धरून ठेवणाऱ्याला पोट असतं. उच्चांकावरून भाव ८० टक्क्यांच्या आसपास पडणं हे बिटकॉइनच्या बाबतीत एकदा नव्हे, अनेकदा झालंय. डिसेंबर २०१७ मध्ये वीस हजारांना टेकलेला भाव वर्षभरात सव्वातीन हजारांच्या खाली होता. ८० टक्के पडलेला भाव पूर्वपदावर यायला पाचपट व्हावा लागतो. २०१७ च्या उच्चांकाला घेणाऱ्याला तो आकडा पुन्हा बघायला जवळजवळ तीन वर्षं थांबावं लागलं. त्या तीन वर्षांत कुणाची नोकरी गेली असेल, कुणाच्या घरी आजारपण आलं असेल. त्यांनी विकलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडालं तेव्हा नाणी तिथे ठेवणाऱ्यांना तर विकायचीही संधी मिळाली नाही. धरून ठेवलेलं नाणं दुसऱ्याच्या तिजोरीत होतं.

आणि इथे टवाळीचा स्वभाव मला खटकतो. विकणाऱ्याला 'कागदी हातांचा' म्हणायचं, धरून ठेवणाऱ्याला 'हिऱ्याच्या हातांचा', शंका काढणाऱ्याला 'राहा गरीब मजेत' असं सुनवायचं. बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात नाणी असतात. तुम्ही विकलं नाही तर त्याचा भाव टिकतो. स्वतः गुंतवलेल्या पैशाबद्दल बोलणारा माणूस मित्रत्वाचा सल्ला देतोय असं वाटणं, ही या गप्पांतली सर्वांत महागडी समजूत. शिवाय ज्यांनी तोट्यात विकून कायमचा राम राम ठोकला, ते आता या गप्पांत नाहीतच. उरलेत ते टिकलेले. त्यामुळे 'थांबलो म्हणून कमावलं' अशाच कहाण्या ऐकू येतात.

२२ मे २०१० ला लास्लो हान्येझ याने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले, त्याची दरवर्षी त्या तारखेला चेष्टा होते, तीही याच तिरक्या नजरेतून. तेव्हा त्या नाण्यांची किंमत चाळीसेक डॉलर होती. सगळ्यांनी नुसतंच धरून ठेवलं असतं, तर त्या नाण्यांनी कधी काही विकत घेता येतं हेही कुणाला कळलं नसतं.

रेघ आडवी पडते तेव्हा

सगळ्यात कमी विनोद शांत काळात होतात, आणि मला तोच काळ जास्त बोलका वाटतो. २०२३ च्या जुलै-ऑगस्टात भाव कित्येक आठवडे २९-३० हजारांच्या आसपास गोठला होता. डॉलरला बांधलेल्या नाण्यांना स्टेबलकॉइन म्हणतात. आता बिटकॉइनच स्टेबलकॉइन झालं, असं लोक म्हणू लागले.

अशा वेळी दिसत नसलं तरी बरंच काही घडत असतं. हालचाल नाही म्हणून खरा माल घेणारे-विकणारे दूर होतात, याद्या पातळ होतात. थोड्याशा हालचालीतून कमाई करायची म्हणून उरलेले लोक उधारी वाढवतात. चढाच्या बाजूवाल्यांच्या मर्यादा रेघेच्या जरा खाली, उताराच्या बाजूवाल्यांच्या जरा वर, थरावर थर साचत जातात. रेघ सपाट दिसते, आणि तिच्या दोन्ही अंगांना मोडायला टेकलेले सौदे.

१७ ऑगस्टला ती मोडली. भाव काही मिनिटांत हजारो डॉलर खाली गेला, २६ हजारांच्या आसपास येऊन थांबला, आणि दिवसभरात १०० कोटी डॉलरहून अधिक सौदे लिक्विडेट झाले. मग कारणांची शोधाशोध सुरू झाली. स्पेसएक्सने आपल्याकडच्या बिटकॉइनचं मूल्य घटवून दाखवल्याची बातमी त्याच दिवशी आली होती. चीनच्या एव्हरग्रांदे कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला होता. अमेरिकी रोख्यांचे व्याजदर चढले होते. तिन्ही बातम्या खऱ्या होत्या, आणि ज्याने त्याने आपल्याला पटेल ती उचलली. तोवर इकडे बर्गरच्या टोप्या चढल्या होत्या.